छोट्या स्टुडिओचा ऑनलाइन गेम : लॉबी भरणार कशी?

सिंहगडी
८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

पुण्यातल्या एका लहान गेम स्टुडिओत मी नेटवर्किंगचं काम करतो. इंजिनिअरिंगची मुलं अधूनमधून डेमो घेऊन भेटायला येतात. हात चांगला असतो, मेहनतही दिसते. पण बहुतेकांना पहिलाच गेम ऑनलाइन करायचा असतो, आणि तोही बॅटल रॉयल, म्हणजे पन्नास-शंभर खेळाडूंतला शेवटपर्यंत टिकेल तो जिंकणार असा. त्यांच्याशी जे बोलतो ते एकदा सविस्तर लिहावं म्हणून हा धागा. इथे नुसते खेळणारेही बरेच आहेत, त्यांचंही म्हणणं हवं आहे.

'लॉब्रेकर्स' आठवतोय का कुणाला? ऑगस्ट २०१७ मध्ये आला होता. क्लिफ ब्लेझिन्स्की म्हणजे 'अनरियल टूर्नामेंट' आणि 'गिअर्स ऑफ वॉर'मधलं मोठं नाव. त्याने बॉस की प्रॉडक्शन्स हा स्वतःचा स्टुडिओ काढला, नेक्सॉनसारखा प्रकाशक मिळवला आणि गुरुत्वाकर्षण उलटंपालटं करणारा एक वेगवान शूटर बनवला. मला तो मनापासून आवडला होता, उडण्याचा आणि नेम धरण्याचा मेळ फार सुरेख जमला होता त्यात. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) सुरुवातीला एका वेळी जास्तीत जास्त साडेसात हजारांच्या आसपास लोक खेळत होते. काही महिन्यांत तो आकडा शंभराच्या खाली आला. मे २०१८ मध्ये स्टुडिओ बंद झाला, सप्टेंबरमध्ये सर्व्हर. ज्यांनी पैसे मोजून गेम घेतला होता त्यांना आज तो सुरूसुद्धा करता येत नाही.

एवढं नाव, एवढा पैसा असून माणसं कमी पडली. आता एखाद्या पाच-सहा जणांच्या स्टुडिओचा हिशोब मांडून बघू.

समजा तुमच्या गेमवर एका वेळी २४० जण ऑनलाइन आहेत. लहान स्टुडिओला हा आकडा चांगलाच म्हणायचा. पिंगमुळे (सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) भारत, युरोप, अमेरिका असे तीन भाग पाडावे लागतात, प्रत्येकी ८० धरू. (तिन्हीकडे एकदम संध्याकाळ नसते, ते सोयीसाठी सोडून देतो.) दोन मोड ठेवले असतील तर ४०-४०. सामना पाच विरुद्ध पाच, पंधरा मिनिटांचा. म्हणजे ४० पैकी ३० जण चालू असलेल्या तीन सामन्यांत अडकलेले आणि लॉबीत, म्हणजे सामन्याची वाट बघत, उरले दहा. त्या दहांत एकाने गेम कालच घेतलाय आणि एक जण पहिल्या दिवसापासून खेळतोय. कौशल्य बघून जोड्या लावायच्या तर सामना लागतच नाही. न बघता लावल्या तर नवखा पंधरा मिनिटं नुसता मार खातो आणि पुन्हा फिरकत नाही. उद्या २४० चे २३० होतात, वाट बघणं वाढतं, परवा आणखी काही जण कंटाळतात.

त्यात स्टीमचा नियम असा, की दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो. ग्राहक म्हणून मला तो नियम पूर्ण मान्य आहे. पण इथे होतं काय, की माणूस वीस मिनिटं 'खेळाडू शोधत आहे' बघत बसतो, पैसे परत मागतो आणि जाताना 'डेड गेम' असा अभिप्राय ठेवून जातो. तो वाचून पुढचे घेत नाहीत. एकट्याने खेळायच्या गेममध्ये पहिल्या गिऱ्हाइकाला आणि हजाराव्या गिऱ्हाइकाला तोच माल मिळतो. ऑनलाइनमध्ये बाकीची गिऱ्हाइकं हाच मालाचा अर्धा भाग असतो, आणि तो स्टुडिओच्या हातात नसतो.

आता 'अमंग अस' घ्या. इनरस्लॉथच्या तिघांनी तो २०१८ मध्ये काढला. पहिली दोन वर्षं फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. २०२० मध्ये स्ट्रीमर मंडळींनी उचलला आणि लॉकडाउनमध्ये आपल्याकडेही व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर खोल्यांचे कोड फिरायला लागले. सगळे ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगतात. नशीब होतंच, पण मला जास्त महत्त्वाची वाटतात ती आधीची दोन वर्षं. त्या काळात गेम टिकला, कारण त्याला अनोळखी लोकांची गर्दी लागतच नव्हती. पाच-सहा मित्र जमले, कोड दिला, खेळ सुरू. त्या क्षणी जगात दुसरं कुणी खेळत नसलं तरी त्यांचं काहीच अडत नाही.

हाच धागा पुढेही दिसतो. 'वॅलहाइम' (२०२१) स्वीडनच्या आयर्न गेटच्या पाच जणांनी केला, महिन्याभरात पन्नास लाख प्रती गेल्या. तिथे जग खेळाडूच्या मशीनवर किंवा त्याने घेतलेल्या सर्व्हरवर चालतं. 'लीथल कंपनी' (२०२३) एकट्या डेव्हलपरचा. या वर्षी जूनमध्ये आलेला 'पीक' दोन लहान स्टुडिओंनी मिळून केला, गेम जॅममधून (थोड्या दिवसांत गेम करून दाखवायचा उपक्रम) सुरुवात झाली आणि आठवड्याभरात दहा लाख प्रती विकल्या गेल्या. तिन्ही मित्रांच्या टोळीने खेळायचे.

माझं मत स्पष्ट सांगतो. लहान स्टुडिओने पहिला ऑनलाइन गेम असा करावा, की चार ओळखीची माणसं जमली की तो पूर्ण व्हावा. मॅचमेकिंग (अनोळखी खेळाडूंच्या जोड्या लावणं), रँकिंग, सीझन पास हे सगळं नंतर, किंवा कधीच नाही. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर खोडून काढावं.

---

अनया_के
८ नोव्हेंबर, रात्री १०:२५

वाचनखूण साठवली. २४० चा हिशोब वाचून थक्क झाले, खेळताना हे कधी डोक्यातच येत नाही.

एक शंका. लॉबी रिकामी असेल तर बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू, का भरत नाहीत? मोबाइलवरचे कितीतरी गेम सुरुवातीला बॉटच देतात ना?

---

सिंहगडी
८ नोव्हेंबर, रात्री १०:५०

देतात, आणि द्यावेतही. पण दोन गोष्टी. पहिली म्हणजे चांगला बॉट लिहिणं हे स्वतंत्र मोठं काम आहे. माणसासारखा चुकणारा, कधी घाबरणारा, कधी विनाकारण उडी मारणारा बॉट जमायला महिने जातात. दुसरी म्हणजे खेळाडूला ते माहीत असायला हवं. माणसाचं नाव लावून बॉट सोडला आणि आठवड्याने लोकांना कळलं, की मग तुमच्या खऱ्या खेळाडूंवरही कुणी विश्वास ठेवत नाही. मी तरी नावापुढे 'बॉट' लिहावं याच मताचा आहे.

---

मेघवाहन
८ नोव्हेंबर, रात्री ११:३०

मी क्लाउडची बिलं सांभाळतो (गेमची नाहीत, पण बिल ते बिल). बाहेर जाणाऱ्या डेटाचा हिशोब नवीन मुलं करत नाहीत, म्हणून सिंहगडींच्या हिशोबाला जोडून देतो.

दहा जणांचा सामना. सर्व्हर प्रत्येकाला सेकंदाला २० वेळा जगाची स्थिती पाठवतो, प्रत्येक वेळी २०० बाइट. म्हणजे एका खेळाडूला सेकंदाला ४ किलोबाइट, सामन्याला ४०, तासाला १४४ मेगाबाइट. क्षुल्लक वाटतं. असे १०० सामने चोवीस तास चालले, म्हणजे हजार खेळाडू सतत, तर महिन्याला साधारण १० टेराबाइट. अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमधून बाहेर जाणाऱ्या डेटाला गीगाबाइटमागे १० सेंटच्या थोडं वर पडतात. म्हणजे निव्वळ डेटाचे महिन्याला लाखभर रुपये. मशीनचं भाडं, डेटाबेस, लॉग, बॅकअप वेगळं. पॅकेट (एका वेळी पाठवलेला डेटा) २०० ऐवजी ६०० बाइटचं झालं, जे नवशिक्याच्या कोडमध्ये सहज होतं, की डेटाचे तीन लाख.

मोठ्या क्लाउडऐवजी महिन्याच्या भाड्याने अख्खं मशीन घेतलं तर डेटा पुष्कळ स्वस्त पडतो. पण मग रात्री दोन वाजता मशीन बसलं तर उठून बघणारा माणूस लागतो, आणि पाच जणांच्या स्टुडिओत तो माणूस बहुधा दिवसा गेमप्लेचं कोडही लिहीत असतो.

यश आलं तरी सुटका नाही. 'पालवर्ल्ड' जानेवारी २०२४ मध्ये आला तेव्हा पॉकेटपेअरच्या प्रमुखांनी स्वतः सर्व्हरचा अंदाज जाहीर केला होता, महिन्याला सुमारे ७ कोटी येन. त्या वेळच्या भावाने चार कोटी रुपयांच्या घरात. त्यांच्या लाखो प्रती विकल्या जात होत्या म्हणून ते निभावलं. फुकट गेमवर अशी झुंबड उडाली तर पैसे यायच्या आधी बिल येतं.

---

रंकाळा
९ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

सिंहगडी दादा, मी कोल्हापूरचा, शेवटच्या वर्षाला आहे. आमची चौघांची टीम आहे आणि आम्ही बॅटल रॉयलच करतोय, त्यामुळे हे थेट आम्हालाच लिहिल्यासारखं वाटलं.

पण एक सांगा, तुम्ही दिलेली सगळी उदाहरणं पीसीची आणि विकतच्या गेमची आहेत. आमच्या वर्गात गेमिंगचा पीसी असलेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. फोन मात्र सगळ्यांकडे. आणि फोनवर गेमला पन्नास रुपयेसुद्धा कुणी देत नाही. मग फुकट ठेवणं भागच आहे, आणि फुकट ठेवलं की भरपूर लोक हवेतच. पुण्याच्याच सुपरगेमिंगने 'मास्कगन' करून दाखवला, नंतर 'इंडस' आणला. त्यांना जमलं तर इतरांना का जमू नये?

---

सिंहगडी
९ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

रंकाळा, प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी लागलाय.

सुपरगेमिंगबद्दल मला आदरच आहे. पण क्रम बघ. 'मास्कगन' आधी आला, वर्षानुवर्षं चालवला, त्यातून लाखो लोकांचा एकाच वेळचा भार पेलणारी त्यांची स्वतःची यंत्रणा उभी राहिली. 'इंडस' जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये लोकांच्या हातात आला. मोठी टीम, गुंतवणूकदार आणि आधीचा अनुभव एवढं सगळं असून इतका काळ लागला. तुम्ही चौघं आहात, आणि वर्षभरात परीक्षा, नोकरी, घरचे प्रश्न सुरू होतील. तुमची बुद्धी कमी आहे असं मुळीच नाही, बॅटल रॉयल हा प्रकारच मोठ्या फौजेचा आहे.

फुकट ठेवण्याबद्दलही एक. फुकट गेममध्ये पैसे देणारे थोडे असतात आणि त्यांच्या जिवावर बाकीच्यांचा खर्च निघतो. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने (गेम बनवायचं सॉफ्टवेअर देणारी कंपनी) ठराविक मर्यादेनंतर दर इन्स्टॉलमागे शुल्क लावायचं जाहीर केलं तेव्हा फुकट गेम करणाऱ्या लहान स्टुडिओंच्या पायाखालची जमीन सरकली, कारण खेळाडूने एक पैसा दिला नाही तरी इन्स्टॉल मोजलं जाणार होतं. वर्षभराने ते शुल्क रद्द झालं. पण आपला नफा ज्या बारीक फटीतून येतो ती दुसऱ्याच्या हातात असते, हे त्या वर्षी सगळ्यांना दिसलं.

फोनचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. फोनवर चार मित्रांचा, लहान आकाराचा, एकदाच थोडी रक्कम घेऊन जाहिराती बंद करणारा गेम, असा मार्ग मला दिसतो. 'अमंग अस' फोनवर फुकट आणि जाहिरातींसह होता, पीसीवर पाच डॉलरला.

---

कायदेपंडित_नाशिक
९ नोव्हेंबर, सकाळी ११:००

थोडं कायद्याचं. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आहे, ई-स्पोर्ट्स आणि सोशल गेम वेगळे धरले आहेत. तुम्ही वर बोलताय ते गेम त्या बंदीत येत नाहीत. कपडे, रंग, पात्रं विकत घेणं ठीक. पण प्रवेश फी घेऊन जिंकणाऱ्याला रोख रक्कम, असं काही डोक्यात असेल तर ते काढून टाका, आणि बक्षिसाची स्पर्धा ठेवायची असेल तर आधी नीट सल्ला घ्या. इतकी वर्षं आपल्याकडे 'गेमिंग'च्या नावाखाली गुंतवणुकीचा मोठा ओघ रमी आणि फँटसी लीगकडे जात होता. तो आता खऱ्या गेमकडे वळावा अशी माझी फार इच्छा आहे.

---

मधुरा_६०एफपीएस
९ नोव्हेंबर, दुपारी १:४५

मी फायटिंग गेमच्या नेटकोडवर (दोन मशीनवरचा खेळ जुळवून ठेवणारा कोड) काम करते. तांत्रिक बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंद. माझा ठोसा समोरच्याच्या मशीनवर पोहोचायला ५० मिलिसेकंद लागत असतील, तर तो तीन फ्रेम उशिरा पोहोचतो. पूर्वी दोन्ही मशीन एकमेकांसाठी थांबत, त्यामुळे बटण दाबलं की चिखलातून हात हलतोय असं वाटायचं. रोलबॅक या पद्धतीत थांबत नाहीत. समोरच्याने मागच्याच फ्रेमचं बटण धरून ठेवलंय असं मानून गेम पुढे जातो. खरी माहिती आली आणि अंदाज चुकला असेल तर तीन फ्रेम मागे जाऊन ते सगळं पुन्हा मोजतो, आणि हे सगळं एका फ्रेमच्या आत. टोनी कॅनन यांनी यासाठी लिहिलेलं जीजीपीओ २०१९ पासून मुक्त स्रोत आहे, कुणीही वाचू शकतं. वाचाच.

यात अट एकच, दोन्ही मशीनवर तेच बटण दाबलं तर तंतोतंत तोच निकाल यायला हवा. इथेच सगळे अडकतात. दशांश अपूर्णांकांची गणितं वेगळ्या प्रोसेसरवर शेवटच्या अंकात फरक दाखवू शकतात. आमच्याकडे एकदा एका पात्राचा पाय जमिनीला टेकतो की नाही, यावर दोन फोनचं एकमत होईना. फरक डोळ्यांना दिसणार नाही इतका. पण एका फोनवर 'टेकला' म्हणून उडी सुरू झाली, दुसऱ्यावर नाही, आणि तिथून पुढे दोघं दोन वेगळे सामने खेळत होते. शेवटी जागा, वेग, सगळं पूर्णांकात मोजायला घेतलं तेव्हा सुटलं. म्हणून सांगते, ऑनलाइन करायचं असेल तर पहिल्या दिवसापासून तसं लिहा. तयार गेमला नंतर ऑनलाइन जोडू म्हणाल तर बहुतेक कोड फेकावा लागतो.

आणि घरच्या वायफायवर चाचणी करून समाधान मानू नका. एसटीत बसून खेळून बघा. टॉवर बदलतो, सिग्नल जातो, वायफायवरून ४जी वर गेलं की फोनचा आयपी पत्ताच बदलतो आणि सर्व्हरला वाटतं माणूस पळाला. तोच माणूस परत आलाय हे ओळखून त्याला त्याच सामन्यात बसवणं, हे काम शूटरच्या बंदुकांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. विंडोजवर 'क्लम्सी' नावाचं छोटं साधन मिळतं, त्याने मुद्दाम पॅकेट गाळता आणि उशिरा पाठवता येतात. ते चालू ठेवूनच रोजचं काम करा.

---

मेघवाहन
९ नोव्हेंबर, दुपारी २:१०

मधुराताई, +१. भर एवढीच, की आपल्याकडच्या बऱ्याच मोबाइल नेटवर्कवर हजारो ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीच्या मागे असतात. त्यामुळे 'खेळाडूच्या मशीनवरच होस्ट करू' हे थेट चालेलच असं नाही, मध्ये रिले लागतो. पीसीवर स्टीमचा रिले त्यांच्या गेमना फुकट मिळतो. फोनवर सोय स्वतः बघावी लागते. पण रिले नुसती पॅकेट इकडून तिकडे देतो, गेम चालवत नाही, त्यामुळे पूर्ण सर्व्हरपेक्षा खर्च पुष्कळ कमी.

---

उट्रेख्तकर_वैशाली
९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

नेदरलँड्समधून लिहितेय. माझ्या इथल्या गावातला रोनिमो हा स्टुडिओ तुमच्या चर्चेत असायलाच हवा. त्यांचा 'ऑसमनॉट्स' २०१२ मध्ये आला, तीन विरुद्ध तीन. नवरा आणि मी दोघंही खेळायचो. कन्सोलवर येण्याच्या सुमारासच त्यांचा जर्मन प्रकाशक दिवाळखोरीत गेला! तिथेच संपायला हवं होतं, पण ते तगले. नवी पात्रं, नवे नकाशे काढत राहिले, २०१७ मध्ये गेम फुकट केला. कुणी मध्येच सोडून गेलं तर त्याची जागा बॉट घ्यायचा आणि सामना मोडायचा नाही. संघ तिघांचाच असल्यामुळे कमी लोकांतही सामना लागायचा.

आणि तरी २०२३ मध्ये रोनिमो दिवाळखोरीत गेला. एका गेमला इतकी वर्षं सांभाळताना पुढचा गेम उभा करायला बळ कुठून आणायचं, हा प्रश्न मला त्यांच्याकडे बघून कायम पडतो. सिंहगडी म्हणतात तसे चार मित्रांचे गेम करून स्टुडिओ मोकळा होऊ शकतो, पुढच्याकडे वळू शकतो. सतत चालणाऱ्या गेममध्ये ती मोकळीक नसते.

---

सह्यवेडा
९ नोव्हेंबर, रात्री ८:०५

माझा विरोध नोंदवतो. सगळेच चार मित्रांचे गेम करायला लागले तर अनोळखी माणसाशी खेळण्यातली मजा कोण देणार? मी नोकरीनिमित्त हैदराबादला एकटा राहतो. माझे मित्र लग्नं होऊन संसारात आहेत, रात्री अकराला कुणी मिळत नाही. मला मॅचमेकिंगच हवं.

'स्प्लिटगेट' बघा. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला १०४७ गेम्स. २०१९ मध्ये आला, फारसा चालला नाही, तरी धरून बसले. २०२१ मध्ये कन्सोलवर बीटा (चाचणीची आवृत्ती) आली आणि सर्व्हरसमोर रांगा लागल्या.

---

सिंहगडी
९ नोव्हेंबर, रात्री ८:५०

सह्यवेडा, तुमची गरज खरी आहे आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ठरलेल्या वेळी, समजा रोज रात्री दहा ते बारा, अनोळखी लोकांसाठी खोल्या उघडायच्या, म्हणजे विखुरलेली माणसं एकाच वेळी येतात, एवढा एक उपाय मला लहान स्टुडिओच्या आवाक्यातला वाटतो.

पण 'स्प्लिटगेट'ची गोष्ट पुढेही आहे. त्या यशानंतर त्यांना १० कोटी डॉलरची गुंतवणूक मिळाली. 'स्प्लिटगेट २' या जूनमध्ये आला आणि जुलैमध्ये त्यांनी तो परत बीटात नेला, माणसं कमी केली, जुन्या गेमचे सर्व्हर बंद करायचं जाहीर केलं. एवढा पैसा असूनही अनोळखी लोकांची गर्दी टिकवणं त्यांना जड गेलं. कोल्हापूरच्या चौघांना मी कुठल्या तोंडाने सांगू, की करा?

---

गंगूबाईचा_नातू
९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

खेळणाऱ्याच्या बाजूने बोलतो. गेम बंद पडणार असेल तर पडू दे, पण आमच्या हातात काहीतरी ठेवून जा. 'नॉकआउट सिटी' हा डॉजबॉलचा गेम मी वेड्यासारखा खेळलो. गुहा आणि कार्तिक बाला या भावांचा व्हेलन स्टुडिओज. मे २०२१ मध्ये ईए या मोठ्या प्रकाशकाबरोबर आणला, नंतर स्वतःच्या जोरावर फुकट केला, कोटीहून जास्त लोक खेळून गेले, तरी भागेना. जून २०२३ मध्ये सर्व्हर बंद केले. पण जाताना खेळाडूंनी स्वतः होस्ट करायची आवृत्ती फुकट देऊन गेले. त्यामुळे आमची टोळी अजून अधूनमधून जमते. 'स्पेलब्रेक'वाल्यांनीही २०२३ मध्ये असंच केलं.

उलट युबिसॉफ्टने मार्च २०२४ मध्ये 'द क्रू' बंद केला तेव्हा घेतलेला गेम चालेनासा झाला, त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' चळवळ उभी राहिली. युरोपात दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मोठ्यांनी जे केलं नाही ते लहानांनी करून दाखवलं, याचं मला फार कौतुक आहे.

---

मधुरा_६०एफपीएस
९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

यावर डेव्हलपर म्हणून एक पुरवणी. शेवटी तशी आवृत्ती द्यायची असेल तर सुरुवातीलाच तशी आखणी लागते. लॉगिन, मित्रयादी, व्हॉइस हे सगळं बाहेरच्या सेवांवर बांधलं असेल तर सर्व्हर नुसता उचलून देता येत नाही. आणि त्या सेवाही जातात. २०१४ मध्ये गेमस्पाय बंद झालं तेव्हा कितीतरी जुन्या गेमचं ऑनलाइन एका फटक्यात गेलं होतं. प्रकाशकाबरोबर करार करताना 'सेवा बंद झाल्यावर सर्व्हरचा प्रोग्रॅम खेळाडूंना देता येईल' हे कलम आधीच घालून घ्या. नंतर कुणी ऐकत नाही.

---

रंकाळा
१० नोव्हेंबर, रात्री ९:००

काल आणि आज आम्ही चौघांनी मिळून हे सगळं वाचलं. भांडणं झाली. बॅटल रॉयल बाजूला ठेवायचं ठरलंय. एक जण अजून नाराज आहे.

नवीन कल्पना अशी. ऊस भरलेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, रात्रीचा रस्ता, आणि चौघांनी मिळून तो कारखान्यावर पोहोचवायचा. एक जण चालवणार, एक जण बॅटरी घेऊन पुढे, दोघं ट्रॉलीवर मोळ्या सांभाळणार. ओढा, चढ, चिखल, समोरून येणारी एसटी. वजनकाट्यावर जितका ऊस उरेल तितके पैसे. खोलीचा कोड, दोन ते चार जण. फोन आणि पीसी दोन्ही.

दादा, मधुराताई, अडचण एकच. ट्रॉलीवर शेकडो मोळ्या हलताना दिसायला हव्यात, मजा त्यातच आहे. त्या सगळ्यांची जागा सगळ्यांना पाठवायची तर मेघवाहन काकांचं बिल आठवतं.

---

अनया_के
१० नोव्हेंबर, रात्री ९:२०

हा मी पहिल्या दिवशी घेणार. माझं माहेर शिरोळचं, कारखान्याबाहेरच्या रात्रीच्या रांगा लहानपणी बघितल्यात. ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लागलेली हवीत. (गाणी मात्र स्वतःची करून घ्या, हक्कांचं लफडं नको.)

---

मधुरा_६०एफपीएस
१० नोव्हेंबर, रात्री १०:०५

फार छान कल्पना आहे रे! आणि इथे रोलबॅक लागणारच नाही, शर्यत एकमेकांशी नाही.

मोळ्या पाठवूच नका. खोली उघडणाऱ्याच्या, म्हणजे होस्टच्या, मशीनवर फक्त ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांची जागा, कल आणि वेग मोजा, तेवढंच बाकीच्यांना पाठवा. प्रत्येक जण आपापल्या मशीनवर त्या कलानुसार मोळ्या हलवेल. माझ्या स्क्रीनवर डावीकडची मोळी डुलली आणि तुझ्या स्क्रीनवर उजवीकडची, तर कुणालाही कळणार नाही. पडलेली मोळी मात्र एकच खरी. 'ट्रॉली दोन, अमुक क्रमांकाची मोळी पडली, या जागी' एवढा निरोप होस्टकडून सगळ्यांना, आणि ती उचलून परत ठेवली की दुसरा निरोप. काट्यावरचं वजन होस्ट सांगेल तेच.

---

सिंहगडी
१० नोव्हेंबर, रात्री १०:३०

मधुराशी सहमत. त्यात एक धरून चला, होस्टचाच फोन बंद पडला तर? दर काही सेकंदांनी ट्रॅक्टरची जागा आणि उरलेल्या मोळ्यांची यादी चौघांकडेही जपून ठेवा, म्हणजे दुसरा कुणी होस्ट होऊन तिथूनच पुढे निघू शकेल. हे आत्ताच लिहा, शेवटी नाही. आणि जो मित्र नाराज आहे त्याला समोरून येणाऱ्या एसटीचं काम द्या, त्यात त्याला हवी तेवढी टक्कर आहे.

पहिली आवृत्ती दोन ट्रॉल्यांऐवजी एकाच ट्रॉलीची करा. जमली की इथेच लिंक टाक, आम्ही पुणे, नाशिक, हैदराबाद आणि उट्रेख्तहून एकदम खोलीत येतो. वैशालीताईंच्या पिंगवर चिखलातला चढ चढता आला तर सगळीकडे चढता येईल.